तळं कोणी बुजवलं नाही, फक्त मोरी बुजली: पाणथळीच्या शेजारी होणाऱ्या बांधकामाबद्दल

खाडीकाठ

नवी मुंबईत आमच्या इमारतीच्या मागे, तिवरांच्या, म्हणजे खारफुटीच्या, पट्ट्याच्या अलीकडे, एक उथळ तळं आहे. तक्रार चालू असल्यामुळे नेमकी जागा सांगत नाही. अकरा वर्षं ते स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघतेय. भरतीला खाडीचं पाणी रस्त्याखालच्या एका मोरीतून आत येतं, ओहोटीला त्याच वाटेने परत जातं. मोरीत सिमेंटचे तीन पाइप आहेत. तळ्याचं खाडीशी नातं एवढंच, पण सगळं त्याच्यावर चालतं. पाणी उतरलं की चिखलात निवट्या, म्हणजे चिखलावर सरपटणारे छोटे मासे, उड्या मारतात, काठाने शेकाटे पक्षी लांब लाल पायांवर फिरतात, डिसेंबरपासून फ्लेमिंगो येऊन बसतात.

दिवाळीनंतर शेजारच्या भूखंडावर काम सुरू झालं. तळ्याला कोणी हात लावलेला नाही, हे आधीच स्पष्ट करते. डंपर जाण्यासाठी कडेचा रस्ता रुंद केला. त्यासाठी भराव टाकला आणि तो मोरीच्या तोंडावर घसरला. तीनपैकी दोन पाइप आता दिसतच नाहीत. तिसऱ्याच्या तोंडाशी सिमेंटच्या फाटक्या गोण्या आणि विटांचे तुकडे अडकलेत.

मला हे लगेच लक्षात आलं नाही, याचं फार वाईट वाटतं. आधी दिसला तो पाण्याचा रंग. पूर्वी पाणी मातकट असायचं, ते जानेवारीत हिरवं झालं, मग गडद हिरवं. मग सडक्या अंड्यासारखा वास. एका पहाटे बोय मासे पृष्ठभागाला येऊन तोंड उघडत होते, शेकड्यांनी. तेव्हा मी बांबूच्या काठीला प्रत्येक वितीवर लाल दोरा बांधला आणि ती काठावर रोवली. होळीच्या दुसऱ्या दिवशी मोठं उधाण असतं, पाऊण-एकच्या सुमारास पूर्ण भरती. दरवर्षी या दिवशी पाणी तळ्याच्या कडेच्या तिवरांच्या बुंध्याला लागतं, म्हणजे ओहोटीच्या खुणेपेक्षा तीन वीत तरी चढतं. यंदा चढलं ते चार बोटं.

फ्लेमिंगोंचा एक थवा त्याच दुपारी आला. पाण्यावर एक फेरी मारली, दहा-बारा उतरले, दोन मिनिटांत उठले आणि गेले. मी खिडकीत उभी राहून रडले.

एका कार्यालयात लेखी तक्रार दिली. तिथल्या अधिकाऱ्यांनी नकाशा काढून बघितला आणि विचारलं, "तळ्यात भराव नाही, बांधकाम नाही, झाड तोडलेलं नाही. मग तक्रार नेमकी कशाची?" त्यांच्या बोलण्यात उद्धटपणा नव्हता. नकाशात तळ्याची हद्द आहे, मोरी नाही, आणि त्यांना खरंच कळत नव्हतं. दुसऱ्या कार्यालयात सांगितलं, हा भाग सीआरझेडमध्ये, म्हणजे किनारा नियमन क्षेत्रात, येतो, पाणथळ नियमांत नाही, त्यामुळे त्यांच्याकडे नको.

२०२४ च्या एप्रिलमध्ये नेरूळच्या डीपीएस तलावावर फ्लेमिंगो मरून पडले, तेव्हाही पक्षीप्रेमींचं म्हणणं हेच होतं, की खाडीचं पाणी आत येण्याच्या वाटा अडल्या आहेत. तळं जिथल्या तिथे होतं. म्हणून इथे विचारते आहे. पाणथळ जागेच्या हद्दीबाहेर जे होतं त्याने ती मरत असेल, तर ते कुठे मांडायचं, कशाने सिद्ध करायचं? या कामात असलेल्यांनी कृपया लिहा.

उरणकर

ताई, तुम्ही मोरी म्हणता, आमच्याकडे त्याला उघाडी म्हणतात. थोडा फरक आहे. उघाडीला लाकडी झडप असते. ओहोटीला आतलं पाणी झडप ढकलून बाहेर जातं, भरती आली की पाण्याच्या दाबाने झडप आपोआप बसते. खारं पाणी शेतात येत नाही, पावसाचं साठत नाही. खाडीला मातीचा बांध, बांधात उघाडी, आत भातशेती, खोलगट जागी तळी आणि तळ्यांत जिताडे मासे. उरण, पेण, अलिबाग हा सगळा पट्टा असाच जगला. बांधाला खांड पडली की गाव रात्री-बेरात्री कुदळ-फावडी घेऊन निघायचं. माझी आजी सांगायची, "पोरा, उघारी मोकली ठेव, बाकीचा पानी बघंल."

आमच्या उरणची पाणजेची पाणथळ सुमारे २८९ हेक्टरची. लहानपणी आम्ही तिथे चिंबोऱ्या धरायला जायचो. तिथेही तुमच्यासारखीच तक्रार वर्षानुवर्षं चालली आहे, की भरतीचं पाणी आत येऊ दिलं जात नाही. पाणी थांबलं की जमीन कोरडी पडते. जमीन कोरडी पडली की फोटो काढून दाखवता येतं, "बघा, इथे पाणथळ आहेच कुठे?"

आता दुसरी बाजू ऐका. ती लिहिल्याशिवाय हा धागा पुरा होणार नाही. १९७० पासून ९५ गावांच्या जमिनी नवी मुंबईसाठी घेतल्या. १९८४ च्या जानेवारीत जासई आणि नवघरला गोळीबार झाला, पाच माणसं गेली, तेव्हा कुठे पुढे घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत द्यायची योजना आली. आमच्या गावात अजून भूखंडाची वाट बघणारी घरं आहेत. त्यांना वाटप होतं तेव्हा उंचावरची जागा उरलेली नसते. उरतं ते सखल. मग पर्यावरणवाले येऊन म्हणतात, हे तर पाणथळ. आमचा माणूस विचारतो, जमीन घेतली तेव्हा का नाही म्हणालात? हा प्रश्न खरा आहे आणि त्याला उत्तर द्यायला हवं.

पण हेही खरं की भरावाचं पाणी पहिल्यांदा आमच्याच घरात शिरतं. वसाहतींची जोती उंच, गावठाण खाली. माझ्या चुलत्याच्या घरात जुलैच्या उधाणाला कमरेएवढं पाणी होतं. त्याचं घर ऐंशी वर्षांचं, त्याआधी कधी उंबऱ्याला पाणी लागलं नव्हतं. खाडीतली मासेमारीही बसली. राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये उरण-पनवेल भागातल्या १,६३० मच्छीमार कुटुंबांना ९५ कोटींहून जास्त भरपाई द्यायचा आदेश दिला होता, तो याच कारणाने. बंदराचा भराव, तिवरांचा नाश, बोटींच्या वाटा बंद. म्हणजे नुकसान होतं हे कागदावर मान्य झालेलं आहे. तुम्ही पक्ष्यांसाठी भांडा, पण सोबत शेजारच्या गावातला एक कोळी, एक शेतकरी घ्या. उघाडी कुठे होती हे तोच दाखवील.

मृण्मय

+१ उरणकर. वाचनखूण साठवली.

मापं_घेणारा

स्थापत्य अभियंता आहे, वीस वर्षं पर्जन्यजल वाहिन्यांचं काम केलं. जमेल तेवढं सोपं लिहितो.

शेजारच्या बांधकामाचा पाणथळीवर परिणाम पाण्याच्या प्रमाणात, वेळेत आणि पाण्यातून येणाऱ्या गाळात दिसतो. प्रमाण आधी. एक हेक्टर जागेवर तासाभरात ५० मिलिमीटर पाऊस पडला, आपल्याकडे हे नेहमीचं आहे, तर ५ लाख लिटर पाणी पडतं. जागा गवताची, मातीची असेल तर त्यातलं साधारण ३० टक्के वाहून जातं, बाकी मुरतं आणि थांबतं. तीच जागा काँक्रीटची झाली की ९० टक्के वाहतं. म्हणजे तासाला दहा हजार लिटरचे १५ टँकर येत होते तिथे ४५ येणार. आणि ते पहिल्या दहा मिनिटांतच येऊ लागतात, कारण वाटेत अडवायला गवत नाही, खड्डा नाही. खाऱ्या तळ्यात असं गोडं पाणी एकदम घुसलं आणि भरती आत येत नसेल, तर दोन-तीन पावसाळ्यांत तिथे पाणकणीस, म्हणजे गोड्या पाण्यातलं उंच गवत, माजतं. खाऱ्या चिखलातले जीव संपतात आणि तळं दिसायला हिरवंगार होतं. लोकांना वाटतं, काय छान झालं.

आता गाळ. तळघराच्या खोदाईत साठलेलं गढूळ पाणी पंपाने उपसून सरळ नाल्यात सोडतात. हे मी डझनावारी जागी बघितलं आहे. एका इमारतीच्या खोदाईचा गाळ छोट्या तळ्याचा तळ काही इंचांनी उचलू शकतो. उपाय अजिबात महाग नाही: उपसलेलं पाणी आधी दोन-तीन खड्ड्यांतून फिरवायचं, गाळ बसू द्यायचा, वरचं निवळ पाणी सोडायचं. भूखंडाच्या उताराच्या बाजूला पावसाळ्याआधी गवताचा पट्टा आणि कापडी आडोसा. बांधकाम झाल्यावर गच्चीचं पाणी टाकीत थांबवून हळूहळू सोडायचं.

सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते मोरीच्या तळपातळीकडे. खाडीताई, हे नीट बघा. नवीन रस्ता करताना पाइप टाकतात, पण जुन्या पाइपांपेक्षा फूटभर वर. कागदावर मोरी आहे, पाइपचा व्यासही तेवढाच आहे. पण आता पाणी फक्त उधाणाच्या भरतीला आत येतं, भांगाच्या, म्हणजे लहान भरतीच्या, दिवसांत येतच नाही. आणि आत आलेलं खालचं फूटभर पाणी कधीच बाहेर जात नाही. तिवरांची श्वसनमुळं चिखलातून वर आलेली असतात, ती दिवसाकाठी दोनदा उघडी पडावी लागतात. ती कायमची पाण्याखाली राहिली की तिवर गुदमरतो. झाड कोणीही न तोडता जंगल मरतं.

पुरावा म्हणून एक माप सांगतो. उधाणाच्या दिवशी दोन माणसं लागतील. एक मोरीच्या खाडीकडच्या बाजूला, एक तळ्याकडे. बाहेर पाणी चढायचं थांबलं ती वेळ लिहा, आत थांबलं ती वेळ लिहा. मोकळ्या मोरीत हा फरक थोडका असतो. अडलेल्या मोरीत तो तासांवर जातो आणि आतली पातळी बाहेरच्या निम्म्यालाही पोचत नाही. काठीवरच्या खुणांचे आणि घड्याळाचे फोटो एकत्र काढा. हे खोडून काढता येत नाही.

सातवा_मजला

माझं मत थोडं वेगळं आहे, ते मांडतो. मी अशाच एका तळ्याशेजारी राहतो. घरासाठी वीस वर्षांचं कर्ज घेतलं आहे. उन्हाळ्यात वास येतो, संध्याकाळी डास इतके की मुलीला बाल्कनीत अभ्यासाला बसवता येत नाही. मागच्या वर्षी तिला डेंग्यू झाला, आठ दिवस रुग्णालयात होती. तिथे बाग झाली, चालायचा रस्ता झाला, तर मला का नको वाटावं? शहरात माणसांनी राहायचंच आहे. घरं कुठे बांधायची? सगळी जागा पक्ष्यांना ठेवून मध्यमवर्गीयाने बदलापूर-कर्जतलाच जायचं का?

खाडीकाठ

सातवा_मजला, मुलगी आता बरी आहे ना? तुमचा त्रास मी समजू शकते. आमच्याकडेही डास यंदाच वाढले, आणि मी हेच सांगायचा प्रयत्न करतेय. अकरा वर्षांत पहिल्या दहा वर्षांत वास नव्हता. रोज दोनदा पाणी बदलत होतं, खाडीतून बारीक मासे येत होते, ते अळ्या खायचे. पाणी थांबलं, मासे मेले आणि डास आले. डेंग्यूचा डास तर घराजवळच्या स्वच्छ साठलेल्या पाण्यात वाढतो. आमच्या शेजारच्या बांधकामावर पाण्याच्या उघड्या टाक्या आणि क्युरिंगचं पाणी साठलेलं आहे, तेही बघायला हवं. तुमच्या तळ्याची भरतीची वाट कुठे आहे, ती चालू आहे का, एकदा बघाल? खरंच विचारते.

सातवा_मजला

मुलगी बरी आहे, धन्यवाद. वाट कधी बघितली नाही. रविवारी बघतो.

पक्षीनोंद

फ्लेमिंगोंबद्दल थोडं, कारण "ते खाडीत जातील की, एवढी मोठी खाडी आहे" असं नेहमी ऐकू येतं.

ठाणे खाडीतलं फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ मध्ये जाहीर झालं, क्षेत्र सुमारे १,६९० हेक्टर. २०२२ मध्ये ठाणे खाडीला रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ अशी मान्यता, मिळाला. त्याआधी राज्यात नांदूर मधमेश्वर आणि लोणार यांना मिळाला होता. हे चांगलंच झालं. पण फ्लेमिंगोचा दिवस भरती-ओहोटीवर चालतो. ओहोटीला खाडीचा चिखल उघडा पडतो, तेव्हा ते चोच उलटी धरून त्यातलं शेवाळ गाळून खातात. भरतीला तोच चिखल दोन पुरुष खोल पाण्याखाली जातो. त्या चार-पाच तासांत त्यांना उभं राहायला गुडघाभर पाण्याची शांत जागा लागते, आणि ती अभयारण्याबाहेर आहे: नेरूळ-सीवूड्सचे तलाव, टी. एस. चाणक्यजवळची पाणथळ, उरणमधली पाणजे, भेंडखळ, बेलपाडा. जेवायची जागा आपण राखली आणि बसायची जागा विकायला काढली, असं झालं आहे.

बीएनएचएसचे (बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचे) शास्त्रज्ञ या लहान पाणथळींना खाडीच्या उपपाणथळी म्हणतात आणि त्या एकत्रच राखायला हव्यात असं सांगत आले आहेत. त्यात विमानांच्या सुरक्षेचाही मुद्दा आहे. नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन ऑक्टोबर २०२५ मध्ये झालं. बसायच्या ठरलेल्या जागा गेल्या तर भरतीला उडालेले हजारो पक्षी जागा शोधत फिरणार. मे २०२४ मध्ये घाटकोपरला विमानाच्या धडकेने ३९ फ्लेमिंगो मेले. त्या रात्रीनंतर पंतनगरच्या आसपास रस्त्यांवर आणि गच्च्यांवर पडलेले गुलाबी पंख ज्यांनी बघितले, त्यांना ते विसरणं अवघड आहे.

एक विनंती. मोजणी करताना संख्या लिहाच, पण भरतीची वेळही लिहा. "दुपारी ४०० पक्षी" याचा उपयोग नाही. "पूर्ण भरतीच्या आधी अर्धा तास ४०० पक्षी उतरले" याचा आहे, कारण त्यातून त्या तळ्याचं काम दिसतं.

दप्तरी

कायद्याचं सांगते. वकिली सल्ला समजू नका, तक्रारी करून करून जे कळलं ते.

'पाणथळ (संवर्धन व व्यवस्थापन) नियम, २०१७' मध्ये पाणथळीच्या रूपांतराला, भरावाला, घनकचरा टाकायला, प्रक्रिया न केलेलं सांडपाणी सोडायला मनाई आहे. मागच्या दहा वर्षांतल्या सरासरी पूरपातळीपासून ५० मीटरच्या आत कायमचं बांधकाम करता येत नाही, बोटींचे धक्के सोडून. पण या नियमांतून नदीपात्र, भातखाचरं, पिण्याच्या पाण्यासाठी किंवा सिंचनासाठी केलेले तलाव, मिठागरं वगळली आहेत, आणि सीआरझेडमध्ये येणाऱ्या पाणथळीही. म्हणून तुम्हाला "आमच्याकडे नको" हे उत्तर मिळालं. ते अर्धं बरोबर आहे.

उरलेलं अर्धं असं. मुंबई उच्च न्यायालयाने 'वनशक्ती' या संस्थेच्या जनहित याचिकेत २०१३ मध्ये पाणथळींवर भराव टाकायला बंदी घातली. पुढे तक्रारींसाठी कोकण विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली समिती झाली. १७ सप्टेंबर २०१८ च्या निकालात न्यायालयाने म्हटलं, की तिवरांचा नाश हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्कावरचाच आघात आहे. तिवरांभोवती ५० मीटरचा पट्टा मोकळा ठेवायचा, जमीन कोणाचीही असो. तुमच्या मोरीच्या दोन्ही तोंडांशी तिवर आहेत ना? मग तो भराव ५० मीटरच्या पट्ट्यात पडलेला आहे. तक्रारीचं शीर्षक "तळं मरत आहे" असं ठेवू नका. "तिवरांच्या ५० मीटर पट्ट्यात भराव व त्यामुळे भरतीच्या प्रवाहात अडथळा" असं लिहा. प्रवाह अडवणं हाही नाशच.

सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये देशातल्या २,०१,५०३ पाणथळींना संरक्षण द्यायला सांगितलं होतं. इस्रोच्या नकाशासंग्रहात नोंदवलेल्या, सव्वादोन हेक्टरांपेक्षा मोठ्या या पाणथळी. डिसेंबर २०२४ मध्ये त्याच न्यायालयाने राज्यांना जागेवर जाऊन खात्री करायला आणि हद्दी आखायला सांगितलं. तुमचं तळं त्या संग्रहात आहे का ते बघा. असेल तर तक्रारीत पहिल्या ओळीत लिहा.

कागद कुठून मिळवायचे? बांधकाम २०,००० चौरस मीटरहून मोठं असेल तर त्याला पर्यावरण मंजुरी लागते. ती मंजुरी केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाच्या 'परिवेश' संकेतस्थळावर दिसते. त्यातल्या अटी शब्द न् शब्द वाचा. नैसर्गिक प्रवाह अडवू नये ही अट बहुतेक वेळा असतेच, आणि दर सहा महिन्यांनी अटी पाळल्याचा अहवाल द्यावा लागतो. तो मागवा. भरावाची माती किंवा मुरूम आणायला गौण खनिजाचा वाहतूक परवाना लागतो. किती ब्रासचा परवाना होता आणि जागेवर किती पडलं, हे तहसील कार्यालयातून माहिती अधिकारात विचारा. मला एका प्रकरणात सगळ्यात लवकर हललेलं कार्यालय हेच दिसलं, कारण त्यात स्वामित्वधनाचा (रॉयल्टीचा) हिशेब येतो. सोबत गाव नकाशा, सातबारा, आणि गूगल अर्थवरची दहा वर्षांची जुनी चित्रं, शक्यतो सगळी भरतीच्या वेळची.

बंगळूरची_सई

पुण्याची, सध्या बंगळूरला. इथे तलाव एकाखाली एक साखळीने आहेत. वरचा भरला की पाणी राजकालुव्यातून, म्हणजे मोठ्या नाल्यातून, खालच्यात. वस्ती वाढली तशा कालुव्यांवर इमारती आल्या. बेळ्ळंदूर तलाव अजून आहे, साडेतीनशे हेक्टरांच्या वर, पण त्यात आलं ते सांडपाणी. फेस रस्त्यावर उडायचा, आणि २०१७ च्या फेब्रुवारीत तलावाला आग लागली. पाण्याला आग लागलेली आम्ही बघितली. हरित लवादाने २०१६ मध्ये तलावांभोवती ७५ मीटर मोकळा पट्टा ठेवायला सांगितलं होतं, सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये तो आदेश रद्द केला. म्हणून दप्तरी सांगतात ते बरोबर: जो नियम पक्का उभा आहे त्यालाच धरून चाला.

मांडवीतीर

गोव्यातून. उरणकरांची उघाडी म्हणजे आमची मानस. खाजनाच्या, म्हणजे खाडीकाठच्या खारजमिनीतल्या शेताच्या, बांधात असते, तिच्या तोंडाशी जाळं लावून मासे धरायचा हक्क लिलावाने जातो. त्या पैशातून बांधाची डागडुजी व्हायची. मानस राखली तर मासे मिळणार आणि शेतही वाचणार, असा त्यात सगळ्यांचा फायदा होता. आता शेती पडीक पडली, बांधाकडे बघायला कोणी नाही, आणि बांध फुटला की शेत आपोआप खारं होतं. मग रूपांतराचा अर्ज येतो. कुडचड्याच्या नंदा तळ्याला २०२२ मध्ये रामसर दर्जा मिळाला, त्याचा आनंद आहेच. पण गावोगावच्या मानशींची यादी कोणी केली तर त्याचा जास्त आनंद होईल.

सातवा_मजला

रविवारी गेलो होतो. आमच्या तळ्याला लोखंडी झडपेचं दार आहे. गंजून अर्धं बंद अवस्थेत अडकलंय, समोर प्लास्टिकची भिंत झाली आहे. तिथे एक कोळी काका भेटले. ते म्हणाले, चार वर्षांपूर्वीपर्यंत इथे कोलंबी मिळायची. त्यांनी झडपेला हात लावून दाखवलं, हलत नाही. मी आजवर या तळ्याला डबकं म्हणत आलो. सोसायटीच्या सभेत विषय ठेवतोय. मापं_घेणारा, झडप कोणती बसवावी हे सांगाल का?

मापं_घेणारा

नवी मुंबईचा बराच भाग भरतीच्या पातळीखाली आहे, म्हणून शहर वसवताना धारण तलाव ठेवले. भरतीला झडप बंद, पावसाचं पाणी तलावात थांबतं, ओहोटीला बाहेर जातं. तुमचं तळं अशा धारण तलावांपैकी असेल तर झडप कायम उघडी ठेवा असं मी म्हणणार नाही, पावसाळ्यात रस्ते बुडतील. आधी ते शोधा. धारण तलाव असेल तर गाळ काढणं आणि झडप चालू करणं ही देखभाल झाली. मात्र त्यात तिवर उगवले असतील तर न्यायालयाच्या परवानगीशिवाय हात लावता येत नाही. आठ महिने झडप किती उघडी आणि पावसाळ्यात किती, याचं वेळापत्रक ठरवून घेता येतं. व्यक्तिगत निरोपात फोटो पाठवा.

उरणकर

सातवा_मजला, त्या काकांना सभेला बोलवा. खुर्ची द्या आणि पहिल्यांदा त्यांना बोलू द्या.

खाडीकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. काय काय झालं ते सांगते.

दप्तरींनी सुचवलं तशी तक्रार नव्याने लिहिली. उरणकर स्वतः एका शनिवारी आले, सोबत आमच्या शेजारच्या गावातले एक सत्तरीचे आजोबा होते. आजोबांनी भरावावर उभं राहून पायाने दाखवलं, "इथे एक, इथे दुसरा." पंचनाम्याच्या वेळी त्यांनी दाखवलेल्या जागीच जेसीबीचा दात पाइपला लागला.

आत-बाहेरच्या वेळांचं मापही घेतलं. चैत्र पौर्णिमेच्या उधाणाला बाहेर पाणी थांबल्यावर आत थांबायला एक तास पन्नास मिनिटं लागली. पंचनाम्याला आलेल्या अधिकाऱ्यांनी सुरुवातीला काठी बघून मान हलवली. घड्याळाचे फोटो क्रमाने मांडल्यावर ते खाली बसले आणि स्वतः आकडे उतरवून घेतले. त्यांच्याबद्दल मला आदर वाटला. बांधकामवाल्यांना भराव काढायची नोटीस गेली. त्यांच्या जागेवरच्या अभियंत्याने दोन पाइप मोकळे करून दिले. तिसरा पाइप मधोमध दबला आहे, तो बदलावा लागेल.

काल चैत्र अमावस्या. भरती चढायच्या वेळी आम्ही सात जण मोरीवर उभे होतो. आधी पाइपातून काळं पाणी उलटं बाहेर आलं, फेसासकट. मग काही वेळ काहीच नाही. मग आतल्या बाजूला पाण्यावर एक सरळ रेघ उठली आणि पुढे सरकत गेली, तिच्यामागे मातकट पाणी. काठीवर दोन वितींच्या वर पाणी चढलं. आत-बाहेरचा फरक पस्तीस मिनिटं. निवट्या अजून दिसल्या नाहीत. बोय दिसले, अगदी बोटभर लांबीचे.

तिसऱ्या पाइपचं पत्र उद्या देते. तळपातळी किती ठेवायला सांगू?

मापं_घेणारा

जुन्या दोन पाइपांच्या तळाला लेव्हल लावून घ्या आणि तोच आकडा पत्रात लिहा, मिलिमीटरमध्ये. "जुन्याप्रमाणे" असं लिहू नका.

उरणकर

आणि मिरगाच्या आत टाकून घ्या. एकदा पाऊस लागला की काम दिवाळीपर्यंत जाईल. लेव्हल घ्यायच्या दिवशी आजोबांना घेऊन मी येतो.